किडनीचं इन्फेक्शन झालं म्हणजे किडनी फेल होणार का? भीती कुठे खरी आणि कुठे खोटी?

चार दिवसांपासून लघवीला जळजळ होतेय. उन्हाळी लागली असेल म्हणून धण्याचं पाणी आणि सब्जा सुरू आहे. पाचव्या दिवशी संध्याकाळी अचानक हुडहुडी भरते, ताप चढतो, उजव्या कुशीत ठणका लागतो आणि उलट्या सुरू होतात. दवाखान्यात रक्त आणि लघवी तपासली जाते. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.८ आलेलं असतं आणि डॉक्टर सांगतात, 'किडनीला इन्फेक्शन आहे.' तोवर घरातल्या कुणीतरी मोबाईलवर शोधाशोध केलेली असते आणि पहिला प्रश्न येतो, 'म्हणजे आता डायलिसिस करावं लागणार का?'

हा प्रसंग काल्पनिक असला तरी अनेक घरांना ओळखीचा वाटेल. या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: बहुतेक वेळा नाही. किडनीचं इन्फेक्शन वेळेवर ओळखलं आणि योग्य औषध मिळालं, तर बहुतेकांची किडनी पूर्ववत काम करू लागते. पण काही जणांच्या बाबतीत हेच इन्फेक्शन किडनीवर कायमचा व्रण सोडून जातं आणि त्याचा परिणाम कित्येक वर्षांनी दिसतो.

मग हे 'काही जण' कोण? आणि आपण त्यात आहोत की नाही, हे कसं कळणार?

किडनीचं इन्फेक्शन म्हणजे नेमकं काय?

किडनीचं काम रक्त गाळण्याचं. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक भाग शरीर परत घेतं आणि साधारण दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. हे काम करणाऱ्या सूक्ष्म गाळण्यांना नेफ्रॉन म्हणतात. एका किडनीत असे सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात आणि एकदा नष्ट झालेला नेफ्रॉन पुन्हा तयार होत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

किडनीत तयार झालेली लघवी दोन नळ्यांमधून मूत्राशयात येते आणि तिथून मूत्रमार्गाने बाहेर पडते. इन्फेक्शनचा प्रवास बहुतेक वेळा याच्या उलट, म्हणजे खालून वर होतो. आपल्या आतड्यात राहणारे ई. कोलाय हे जंतू मूत्रमार्गातून मूत्राशयात शिरतात. साध्या मूत्रमार्ग संसर्गांपैकी सुमारे ८० टक्के संसर्ग याच जंतूंमुळे होतात. महिलांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांब असतो, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटीमीटर. त्यामुळे महिलांमध्ये हा त्रास कितीतरी जास्त दिसतो.

जंतू मूत्राशयापर्यंतच थांबले, तर लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, ओटीपोटात दुखतं. याला सिस्टायटिस म्हणतात. तेच जंतू नळीतून वर चढून किडनीपर्यंत पोहोचले, की त्याला पायलोनेफ्रायटिस म्हणतात. आपण ज्याला किडनीचं इन्फेक्शन म्हणतो, ते हेच.

साधी उन्हाळी आणि किडनीचं इन्फेक्शन यात फरक कसा ओळखायचा?

सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे ताप. फक्त मूत्राशयाला संसर्ग असेल, तर सहसा मोठा ताप येत नाही. थंडी वाजून ताप, बरगड्यांच्या खाली पाठीत किंवा कुशीत दुखणं, मळमळ, उलट्या अशी लक्षणं असतील, तर संसर्ग किडनीपर्यंत गेल्याची शक्यता असते. लघवीला जळजळ नसतानाही असं होऊ शकतं.

दोन वयोगटांत ही लक्षणं फसवी असतात. तान्ह्या बाळाला फक्त ताप येतो, ते दूध पीत नाही, किरकिर करतं. वयस्कर माणसांमध्ये कधीकधी ताप न येता अचानक गोंधळल्यासारखं होणं, असंबद्ध बोलणं किंवा खूप गळून जाणं एवढंच दिसतं.

अशा वेळी घरगुती उपायांवर दिवस काढणं धोक्याचं असतं. धण्याच्या पाण्याने किंवा सब्जाने थोडा आराम वाटू शकतो, पण किडनीत पोहोचलेले जंतू त्याने मरत नाहीत.

धोका दोन प्रकारचा: एक झटपट, एक संथ

झटपट धोका म्हणजे सेप्सिस. किडनीतून प्रचंड रक्त वाहत असतं. तिथले जंतू रक्तात गेले, तर रक्तदाब कोसळतो आणि एकामागून एक अवयव काम करेनासे होतात. जेम्स बाँड मालिकेतल्या १९८५च्या 'अ व्ह्यू टू अ किल' या सिनेमातली अमेरिकन अभिनेत्री टान्या रॉबर्ट्स हिचं ४ जानेवारी २०२१ रोजी निधन झालं. मूत्रमार्गाचा संसर्ग पुढे रक्तात पसरल्याने तिचा मृत्यू झाल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं.

संथ धोका म्हणजे किडनीवर राहणारा व्रण. जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी किडनीत गोळा होतात. या लढाईत जंतू मरतात, पण आजूबाजूच्या निरोगी पेशींचंही नुकसान होतं. सूज लवकर उतरली, तर किडनीचा तो भाग सावरतो. ती बराच काळ राहिली किंवा पुन्हा पुन्हा आली, तर तिथल्या नेफ्रॉनची जागा कडक, निरुपयोगी ऊतक घेतं. भाजल्यावर कातडीवर डाग राहतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की हा डाग दिसत नाही आणि दुखतही नाही.

नेफ्रॉन कमी झाले, की उरलेल्यांवर भार येतो. दहा माणसांचं काम सहा जणांना करावं लागलं, तर काही दिवस निभावतं, पण हळूहळू तेही थकतात. किडनीतही तसंच होतं. उरलेले नेफ्रॉन जास्त दाबाने काम करतात आणि काही वर्षांत तेही खराब होऊ लागतात. म्हणूनच मूळ इन्फेक्शन कधीच बरं झालेलं असलं, तरी पुढे नुकसान वाढत जाऊ शकतं.

मग रिपोर्टमधल्या १.८ क्रिएटिनिनचा अर्थ काय?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. 'किडनीला सूज', 'किडनीवर परिणाम' आणि 'किडनी फेल' हे शब्द घराघरांत एकाच अर्थाने वापरले जातात. डॉक्टरांच्या लेखी मात्र त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. मोठ्या माणसांमध्ये तो साधारण ०.६ ते १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर असतो. इन्फेक्शनच्या काळात ताप, उलट्या, कमी झालेलं पाणी आणि किडनीची सूज यामुळे तो काही दिवसांसाठी वाढू शकतो. याला 'अक्यूट किडनी इंज्युरी' म्हणजे किडनीला अचानक झालेली इजा म्हणतात. औषधं आणि सलाईन मिळालं, की अनेकांचं क्रिएटिनिन काही दिवसांत पुन्हा खाली येतं.

'क्रॉनिक किडनी डिसीज' ही वेगळी गोष्ट. किडनीचं नुकसान किंवा तिची कमी झालेली क्षमता ३ महिन्यांहून जास्त काळ टिकली, तरच हा शब्द वापरतात. तिची पातळी ईजीएफआर या आकड्यावरून ठरते. वय, लिंग आणि क्रिएटिनिन यावरून हा आकडा काढला जातो. तो ६०च्या खाली ३ महिन्यांहून जास्त काळ राहिला, तर क्रॉनिक आजार मानतात. १५च्या खाली गेला, तर ती शेवटची, म्हणजे पाचवी पायरी. डायलिसिस किंवा किडनी प्रत्यारोपणाचा विषय प्रामुख्याने याच टप्प्यावर येतो.

म्हणजे तापात आलेल्या एका रिपोर्टवरून 'किडनी फेल' म्हणता येत नाही. पण याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ताप उतरल्यावर आलेलं नॉर्मल क्रिएटिनिन म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. एक किडनी दान केलेली माणसंही नॉर्मल आयुष्य जगतात, कारण एका चांगल्या किडनीवर शरीराचं भागतं. त्यामुळे एका किडनीवर मोठा व्रण असला, तरी दुसरी काम सांभाळून घेते आणि क्रिएटिनिन वर्षानुवर्षं नॉर्मल दिसतं. किडनीची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत हा आकडा फारसा हलत नाही.

सगळ्यांना सारखाच धोका असतो का?

नाही. बाकी तब्येत चांगली असलेल्या तरुण स्त्रीला एकदा किडनीचं इन्फेक्शन झालं आणि ते बरं झालं, तर तिची किडनी त्यामुळे पुढे निकामी होण्याची शक्यता फार कमी असते.

भारतातल्या क्रॉनिक किडनी डिसीजच्या ५२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी असलेल्या राष्ट्रीय रजिस्ट्रीचा अहवाल २०१२मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात सुमारे ३१ टक्के रुग्णांच्या आजाराचं मूळ मधुमेहात होतं. उच्च रक्तदाब आणि नेफ्रॉनच्या गाळणीची सूज हीसुद्धा मोठी कारणं होती. साधं इन्फेक्शन या यादीत वरच्या क्रमांकावर नाही.

पूर्वी समज वेगळा होता. विसाव्या शतकाच्या मध्यात आक्रसलेली, व्रण पडलेली किडनी दिसली, की ती जुन्या इन्फेक्शनमुळेच झाली असं सर्रास मानलं जायचं. मग १९५३मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अशा काही किडन्यांचा संबंध डोकेदुखीच्या गोळ्यांच्या अतिवापराशी जोडला. त्या गोळ्यांमधल्या फेनासेटिन या औषधावर पुढे अनेक देशांनी बंदी घातली, अमेरिकेने १९८३मध्ये. १९६०मध्ये ब्रिटनमधल्या हॉडसन आणि एडवर्ड्स या डॉक्टरांनी आणखी एक दुवा दाखवला. व्रण पडलेल्या अनेक किडन्यांमध्ये लघवी मूत्राशयातून उलटी वर चढत होती.

तेव्हापासून डॉक्टर इन्फेक्शनकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. जंतू मारणं गरजेचं आहेच, पण ते किडनीपर्यंत का पोहोचले, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरला. धोका जास्त असलेले गट याच प्रश्नातून समजतात.

लहान मुलं: जिथे एक-दोन दिवसांनीही फरक पडतो

मूत्राशय आणि किडनीला जोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी नैसर्गिक झडपेसारखी रचना असते. काही मुलांमध्ये ती जन्मतः कमकुवत असते. त्यामुळे लघवी करताना थोडी लघवी उलटी किडनीकडे जाते. याला रिफ्लक्स म्हणतात. त्याच्या १ ते ५ श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीचा रिफ्लक्स अनेकदा वाढत्या वयात आपोआप जातो. चौथी-पाचवी श्रेणी गंभीर मानली जाते.

तापासह मूत्रमार्गाचं इन्फेक्शन झालेल्या मुलांपैकी साधारण तिघांत एकाला रिफ्लक्स असल्याचं दिसतं. वाढत्या वयातली किडनी नाजूक असते आणि ताप सुरू झाल्यापासून उपचाराला ४८ ते ७२ तासांहून उशीर झाला, तर व्रण राहण्याची शक्यता वाढते. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकला नसताना ताप येत असेल, तर लघवीची तपासणी करून घेणं गरजेचं असतं. 'दात येतायत म्हणून ताप' असं समजून थांबल्यास हाच वेळ हातातून जातो.

मुलाची लघवीची धार बारीक असणं, थेंब थेंब लघवी होणं, गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाची किडनी फुगलेली दिसणं या खुणा दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असतो आणि तो किडनीचं मोठं नुकसान करू शकतो. शाळेतलं टॉयलेट अस्वच्छ म्हणून दिवसभर लघवी रोखून धरणं आणि जुनी बद्धकोष्ठता यांमुळेही मुलांमध्ये इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं.

किडनीवर व्रण आहे का, हे डीएमएसए स्कॅन या तपासणीत दिसतं. ती सहसा इन्फेक्शननंतर ४ ते ६ महिन्यांनी करतात, कारण त्याआधी केल्यास तात्पुरती सूजही व्रणासारखी दिसू शकते.

मुतखडा, प्रोस्टेट आणि तुंबलेली लघवी

वाहत्या पाण्यापेक्षा साचलेल्या पाण्यात घाण लवकर होते. लघवीचंही तसंच आहे. नळीत खडा अडकला, प्रोस्टेट वाढल्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होईना किंवा मणक्याच्या दुखापतीमुळे लघवीवरचं नियंत्रण गेलं, तर साचलेल्या लघवीत जंतू झपाट्याने वाढतात.

खड्यामुळे किडनी तुंबलेली आणि त्यात ताप, ही इमर्जन्सी असते. अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. डीजे स्टेंट टाकून किंवा पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी बाहेर काढावी लागते. तुंबलेपण आठवडेच्या आठवडे राहिलं, तर जंतूंशिवायही किडनी पातळ आणि निकामी होत जाते. म्हणून 'खडा आहे, पण दुखत नाही' असं म्हणून सोनोग्राफी टाळणं परवडत नाही.

काही जंतू स्वतःच खडा तयार करतात. प्रोटियससारखे जंतू लघवीतल्या युरियाचं विघटन करतात आणि त्यातून किडनीभर पसरणारा, सांबराच्या शिंगासारखा खडा वाढतो. त्या खड्यात जंतू लपून राहतात, त्यामुळे तो पूर्ण काढल्याशिवाय इन्फेक्शन जात नाही.

मधुमेह: दुहेरी मार

मधुमेहात प्रतिकारशक्ती कमी होते, मूत्राशयाच्या नसा मंदावतात आणि लघवी साचून राहते. किडनी आधीच साखरेमुळे कमकुवत झालेली असते. त्यात इन्फेक्शन झालं, तर ते गंभीर रूप घेऊ शकतं. एका प्रकारात जंतूंमुळे किडनीत चक्क वायू तयार होतो. याला एम्फिसिमेटस पायलोनेफ्रायटिस म्हणतात. त्याच्या रुग्णांमध्ये बहुतांश मधुमेही असतात आणि वेळीच उपचार झाले नाहीत, तर किडनी काढावी लागू शकते किंवा जीवही जाऊ शकतो. त्यामुळे मधुमेह असलेल्या व्यक्तीला थंडी-ताप आणि कुशीत दुखणं असेल, तर सकाळपर्यंत वाट बघू नये.

टीबी: जो साध्या रिपोर्टमध्ये सापडत नाही

आपल्याकडे टीबी म्हटलं, की फुप्फुसं आठवतात. पण टीबीचे जंतू रक्तातून किडनीतही जाऊन बसतात. लघवीला आठवडेच्या आठवडे जळजळ, रिपोर्टमध्ये पस सेल्स, कधी रक्त, पण कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि अँटिबायोटिकचे कोर्स होऊनही फरक पडत नाही. असं चित्र असेल, तर टीबीची शंका घ्यावी लागते. साध्या कल्चरमध्ये हे जंतू वाढत नाहीत. त्यासाठी वेगळ्या तपासण्या असतात.

उशीर झाला, तर लघवीची नळी आक्रसते, लघवी तुंबते आणि ती किडनी पूर्ण बंद पडू शकते. उपचार सुरू असतानाही नळी आक्रसू शकते. त्यामुळे मधूनमधून सोनोग्राफी करून पाहावी लागते. टीबीची औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.

गरोदर स्त्रिया आणि आधीपासून किडनीचा आजार असलेले

गरोदरपणात हार्मोन्स आणि वाढलेलं गर्भाशय यांमुळे लघवीच्या नळ्या सैल पडतात, दबतात. काही त्रास नसताना लघवीत जंतू सापडले, तर एरवी बहुतेकांना औषधाची गरज नसते. गरोदर स्त्रीला मात्र ते द्यावंच लागतं, नाहीतर जंतू किडनीत जाण्याचा आणि वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो. सुरुवातीच्या महिन्यांतली लघवीची तपासणी यासाठीच असते.

ज्यांची किडनी आधीच ४०-५० टक्क्यांवर चालते, त्यांच्यासाठी हा संबंध उलटाही असतो. किडनीच्या आजाराने प्रतिकारशक्ती घटते, त्यामुळे इन्फेक्शन जास्त होतं. प्रत्येक इन्फेक्शनमध्ये क्षमता आणखी थोडी खाली येते आणि ती प्रत्येक वेळी पूर्ण भरून निघतेच असं नाही. अशा रुग्णांना अनेक अँटिबायोटिकचे डोसही कमी करून द्यावे लागतात. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर आपल्याला किडनीचा आजार आहे, हे सगळ्यात आधी सांगावं.

उपचारात नेमकं कुठे चुकतं?

पहिली चूक मेडिकलच्या काउंटरवर होते. 'मागच्या वेळी दिलेली गोळी द्या' म्हणून अँटिबायोटिक घेतलं जातं. मूत्राशयाच्या संसर्गासाठी नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन ही औषधं दिली जातात. ती लघवीत उतरतात, पण किडनीच्या ऊतकात पुरेशी पोहोचत नाहीत. जळजळ कमी होते, पण किडनीतले जंतू तिथेच राहतात.

दुसरी चूक म्हणजे कल्चर न करणं. युरिन कल्चरमध्ये कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्याच्यावर चालतं, हे कळतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. पण नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यावा लागतो. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची असते. भारतात ई. कोलायवर अनेक नेहमीची औषधं चालेनाशी झाली आहेत, त्यामुळे अंदाजाने दिलेलं औषध फुकट जाण्याची शक्यता वाढली आहे. अँटिबायोटिकची मनमानी विक्री रोखण्यासाठी काही औषधं मार्च २०१४पासून एच-१ या वेगळ्या यादीत टाकण्यात आली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध घेऊ नये, यासाठी सरकारने २०१६मध्ये मोहीमही राबवली.

तिसरी चूक, ताप उतरला म्हणून गोळ्या बंद करणं. किडनीच्या इन्फेक्शनचा कोर्स साधारण ७ ते १४ दिवसांचा असतो. ताप मात्र बऱ्याचदा दोन-तीन दिवसांतच उतरतो. कोर्स किती दिवसांचा, हे औषधावर आणि रुग्णावर अवलंबून असतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं असतं.

चौथी चूक पेनकिलरची. कुशीत दुखतं म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या घेतल्या जातात. या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. ताप आणि उलट्यांनी शरीर कोरडं पडलेलं असताना त्या जास्त घातक ठरतात. तापासाठी पॅरासिटॅमॉल तुलनेने सुरक्षित मानलं जातं, पण तेही ठरलेल्या डोसमध्येच.

योग्य औषध सुरू करूनही ४८ ते ७२ तासांत ताप उतरला नाही, तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून आत पू साठलाय का, काही अडथळा आहे का, हे बघावं लागतं.

पाणी आणि टॉयलेट: साधे वाटणारे दोन मुद्दे

वारंवार मूत्राशयाचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० महिलांवर झालेला एक अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या महिलांनी वर्षभर रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं, त्यांच्यात इन्फेक्शनचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मात्र ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार असल्याने पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी हा उपाय स्वतःहून करू नये.

पण पाणी पिण्याचा सल्ला देणं सोपं आहे. ऊसतोडीच्या फडावर, बाजारात किंवा रस्त्याच्या कामावर दिवस काढणाऱ्या बायका पाणी कमी पितात, कारण जवळपास जायला जागाच नसते. एसटीच्या लांबच्या प्रवासातही हेच होतं. महिलांसाठी स्वच्छ आणि मोफत मुताऱ्या हव्यात, म्हणून मुंबईत २०११मध्ये 'राइट टू पी' ही चळवळ सुरू झाली. तिच्या मागण्यांमागे हेही वास्तव होतं.

इन्फेक्शन बरं झाल्यावर काय करायचं?

किडनी वाचवण्याच्या दृष्टीने बरं झाल्यानंतरचा हाच टप्पा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. ताप गेला, सुट्टी मिळाली, फाईल कपाटात गेली, असं होतं.

इन्फेक्शनच्या वेळी क्रिएटिनिन वाढलं असेल, तर ते पुन्हा तपासावं आणि ३ महिन्यांनी ईजीएफआर कुठे आहे ते पाहावं. लघवीतून प्रोटीन जातंय का, हे बघावं. साध्या, स्वस्त तपासणीत कळणारी ही किडनीच्या नुकसानीची सुरुवातीची खूण आहे. रक्तदाब मोजावा. तिशीच्या आतल्या माणसाचा रक्तदाब वाढलेला असेल आणि लहानपणी वारंवार ताप किंवा लघवीचा त्रास झाल्याचं घरच्यांना आठवत असेल, तर किडनीवर जुना व्रण आहे का, हे तपासायला हवं. मुलगा किंवा पुरुष असेल, सहा महिन्यांत दोनदा इन्फेक्शन झालं असेल किंवा मधुमेह, मुतखडा असेल, तर कारण शोधल्याशिवाय थांबू नये. त्यासाठी युरॉलॉजिस्ट किंवा नेफ्रॉलॉजिस्टकडे जावं लागू शकतं.

व्रण सापडला, तरी सगळं संपलं असं नसतं. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं, प्रोटीन कमी करणारी औषधं, पेनकिलर टाळणं आणि वर्षातून एकदा तपासणी, एवढ्यावर अनेकांची किडनी दीर्घकाळ टिकते. हे झालं नाही आणि आजार शेवटच्या टप्प्यावर गेला, तर आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास मशीनला जोडून घ्यावं लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, त्यामुळे पैशांचा भार काहीसा हलका होतो. पण तालुक्यावरून जिल्ह्याला जाणं-येणं, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा दिवस याची भरपाई कोणतीही योजना पूर्णपणे करू शकत नाही.

त्यामुळे १.८ क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात आल्यावर 'डायलिसिस लागणार का?' हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे. पण दवाखान्यातून घरी जाताना डॉक्टरांना आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे इन्फेक्शन का झालं? आणि पुढची तपासणी कधी करायची? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कदाचित एखादा छोटा खडा असेल, कदाचित वाढलेली साखर असेल आणि अनेकदा काहीच सापडणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मिळालेली तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्या दिवशी बरं वाटत असलं, तरी तपासणीला जावं.